उन्हाळ्यात माहुली, आजोबा, नाणेघाट: आधी वेळ ठरवा, मग पाणी भरा

मार्च उजाडला की वाचकांचे प्रश्न सुरू होतात. माहुलीला माणशी किती पाणी न्यावं? गोरखगडाच्या टाक्यात मे महिन्यात पाणी असतं का? सापगावला फार्महाउस घेतलंय, जेवण आटपून दुपारी जवळचा एखादा डोंगर होईल का? प्रश्न चुकीचे नाहीत, त्यांचा क्रम चुकतो. पाण्याचा हिशेब दुसरा. पहिला हिशेब वेळेचा: चढायला किती वाजता लागणार, आणि माथा आला नसला तरी किती वाजता मागे फिरणार?

चढताना स्नायू उष्णता तयार करतात. ती बाहेर काढायचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणं. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. वरून ऊन, खालून तापलेला कातळ आणि आतून स्नायूंची भट्टी असताना बाटलीतलं पाणी घामाची भरपाई करतं, पण अंगातली उष्णता बाहेर काढत नाही. पाठीवर पाच लिटर पाणी असलेल्या माणसालाही उष्माघात होऊ शकतो.

शहापूरहून निघून सापगावचा भातसा नदीवरचा पूल ओलांडला की पुढे किन्हवली, डोळखांब आणि मुरबाडचा मुलूख सुरू होतो. आजोबा पर्वत, गोरखगड-मच्छिंद्रगड, सिद्धगड, नाणेघाट, मोरोशीचा भैरवगड या सगळ्या वाटा याच टापूतल्या. माहुली अलीकडे, आसनगाव स्थानकाच्या बाजूला. खाली लिहिलेलं या वाटांसाठी आहे.

जायचं की नाही, हे आदल्या रात्री ठरवा

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे देतो. ठाणे जिल्ह्याचा इशारा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बघा. कमाल तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलं आणि मैदानी भागात ४०, किनारपट्टीला ३७ किंवा डोंगराळ भागात ३० अंशांपर्यंत पोहोचलं, की हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. किनारपट्टीसाठी आकडा कमी ठेवला आहे तो उगाच नाही. दमट हवेत ३७ अंशही पुरेसे घातक असतात.

याचा दाखला आपल्याच भागात आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. त्या उन्हात तासन् तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा बळी गेला. ही माणसं डोंगर चढत नव्हती, बसलेली होती. मुरबाड-बदलापूर-कर्जत पट्टा तर समुद्रवाऱ्यापासून आत आहे. इथे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो.

माझं मत सरळ आहे. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर चढाई रद्द करा. पिवळा असेल तर बेत आखूड करा आणि नऊ-साडेनऊच्या आत खाली या. इशारा नसला तरी पुढच्यांपैकी एखादी गोष्ट लागू असेल, तर त्या दिवशी घरीच थांबा:

- गेल्या दोन-चार दिवसांत ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या आहेत.
- रात्रभर झोप नाही. शुक्रवारी रात्री ऑफिसमधून थेट निघालेले अनेक जण यात मोडतात.
- आदल्या रात्री दारू झाली आहे.
- पूर्वी कधी उष्माघात झाला होता.
- रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, मानसिक आजाराची औषधं किंवा सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्या चालू आहेत. यातली काही औषधं घामावर आणि शरीरातल्या पाण्यावर परिणाम करतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. अंग उन्हाला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. दिवसभर वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याला पहिल्याच रविवारी माहुलीची पूर्ण चढाई झेपेल असं नाही, मग तो पावसाळ्यात तीच वाट पळत चढलेला का असेना. मोसमातला पहिला उन्हातला ट्रेक निम्म्या अंतराचा ठेवा. ऑक्टोबरलाही हेच लागू आहे. पाऊस संपताच सगळे किल्ल्यांवर धावतात, पण ऑक्टोबरचं ऊन आणि हवेतली उरलेली ओल मिळून मेइतकाच त्रास देऊ शकतात.

डोंगराची बाजू आणि झाडांची पानं

मुरबाड-शहापूरकडून दिसणारी सह्याद्रीची भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. सूर्य भिंतीमागून वर येतो, त्यामुळे नाणेघाट, आजोबा, सिद्धगड यांच्या पश्चिम अंगाला सकाळी सावली मिळते. दुपारनंतर चित्र उलटतं. ऊन सरळ भिंतीवर येतं आणि तापलेला कातळ संध्याकाळपर्यंत उष्णता फेकत राहतो. गोरखगडाच्या कोरीव पायऱ्या दुपारी चढणाऱ्याला हात टेकवतानाही चटका बसतो. म्हणजे या वाटांवर डोंगरच तुम्हाला सकाळचे काही तास देतो. ते वाया घालवू नका.

दुसरी फसगत जंगलाची. ज्यांनी माहुली जुलै-ऑगस्टमध्ये पाहिली आहे, त्यांच्या डोक्यात दाट हिरवं छत असतं. हे जंगल पानझडीचं, सागाचं. फेब्रुवारीपासून साग पानं टाकतो आणि पावसापर्यंत बराचसा उघडा असतो. ‘वाट जंगलातून आहे, सावली मिळेल’ हा हिशेब एप्रिलमध्ये चालत नाही. शिवाय वाळलेला पाचोळा आणि गवत वणव्याला आमंत्रण देतं. सिगारेट, शेकोटी, चूल काहीही पेटवू नका. धूर किंवा आग दिसली तर वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवा.

वेळापत्रक असं ठेवा:

- उजेड फुटताना पायथा. पहिली लोकल पकडूनही उशीर होत असेल तर आदल्या रात्री गावात मुक्काम करा. माहुली तानसा अभयारण्याच्या हद्दीत येते. तिथे प्रवेशशुल्क आहे आणि परवानगीशिवाय रात्री जाता किंवा राहता येत नाही. ‘रात्री चढू, ऊनच लागणार नाही’ हा पर्याय तिथे नाही. चौकी किती वाजता उघडते, ते आधीच विचारून घ्या.
- परतीची वेळ लिहून ठेवा. उन्हाळ्यात साडेआठ ते नऊ. माथा समोर दिसत असला तरी त्या वेळेला वळायचं. ही वेळ निघण्यापूर्वी सगळ्यांना मोठ्याने सांगा. वर गेल्यावर ‘आता दहाच मिनिटं’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो.
- अकराच्या आत पायथा. माहुलीची उंची ८५८ मीटर, आणि पायथा फार उंचावर नसल्याने चढ सलग व खडा आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या वेळेचा हिशेब गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्यावरून करा.
- डांबरी रस्ता पायी तुडवू नका. आसनगाव स्थानक ते माहुली गाव हे अंतर पायी जाण्यात बचत वाटते. परतताना हाच भाजणारा रस्ता दमलेल्या माणसाला पाडतो. दोन्ही वेळा रिक्षा करा, परतीच्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा.

जुन्नरकडून घाटघरमार्गे नाणेघाटात येणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तुम्ही माथ्यावर आधीच आहात, त्यामुळे वैशाखऱ्याच्या बाजूला ‘थोडं उतरून बघू’ असा मोह होतो. उतार सोपा, सकाळची सावली, अंग ताजं. मग पूर्ण चढ दुपारी, तापलेल्या भिंतीवर आणि संपत आलेल्या पाण्यावर. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्ये माणसं अशीच अडकतात, म्हणून तिथले वनरक्षक उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत दरीत चालू नका असं बजावतात. नाणेघाटालाही तोच नियम लावा.

पाणी किती आणि कुठून

उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर धरा. पाच तासांच्या फेरीला माणशी चार लिटर हा सावध हिशेब आहे. चार लिटर म्हणजे चार किलो वजन. ते पेलवत नसेल तर पाणी कमी करू नका, वाट छोटी करा. याशिवाय गटामागे दोन लिटर पाणी ‘न पिण्याचं’ म्हणून बाजूला ठेवा. ते कशासाठी, ते पुढे येतं.

पाणी एकदम ढसाढसा पिण्यापेक्षा दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्या. निघण्यापूर्वी अर्धा लिटर पिऊन घ्या. वर बघायची खूण सोपी आहे: लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद आणि थोडी असेल तर सावलीत थांबा आणि प्या, तीन-चार तास झालीच नसेल तर ट्रेक तिथेच संपवा. महिलांनी आडोसा मिळत नाही म्हणून पाणी टाळणं हे उन्हाळी ट्रेकमधल्या त्रासाचं न बोललं जाणारं कारण आहे. गटप्रमुखांनी दर तासाला आडोशाची जागा बघून थांबा द्यावा, तोही कोणी मागण्याची वाट न पाहता.

पाणी भरायचं ते शहापूर, किन्हवली, डोळखांब, मुरबाड किंवा टोकावड्याला. पायथ्याच्या पाड्यावर भरू असं गृहीत धरू नका. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं याच शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे उपहास म्हणून वापरली जात नाही, ती वस्तुस्थिती आहे. वीस जणांच्या गटाने प्रत्येकी दोन बाटल्या भरल्या तर एखाद्या घरचे तीन-चार हंडे रिकामे होतात, आणि ते हंडे कुणा बाईने डोक्यावरून आणलेले असतात. ती नाही म्हणणार नाही. म्हणून तुम्हीच मागू नका. जीवावर बेतलं असेल तर अर्थात मागा, लगेच मिळेल.

किल्ल्यांवरच्या टाक्यांचा भरवसा होळीनंतर सोडा. पाणी असलं तरी ते साचलेलं असतं. गाळून, उकळून किंवा क्लोरिनची गोळी टाकून, गोळीच्या पाकिटावर लिहिलेला वेळ थांबूनच प्या. तहानेने जीव जायची वेळ आली असेल तर मात्र गढूळ पाणीही प्या. जुलाबावर उपचार करता येतो.

भातसा नदीबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं. डोंगर कोरडे असताना ही नदी मे महिन्यातही वाहती दिसते, कारण धरणातलं मुंबईचं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत सोडलं जातं. ट्रेक उतरून तापलेल्या अंगाने सापगावच्या आसपास नदीत उडी मारावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण पाणी वरच्या विसर्गानुसार कमीजास्त होतं, पात्रात डोह आहेत, आणि दमलेल्या स्नायूंना पेटके आलेले असतात. काठावर बसून डोक्यावर-मानेवर पाणी घ्या, पाय भिजवा. पोहायला उतरू नका. हे पाणी थेट पिऊही नका.

मीठ-साखरेचं गणित

दोन तासांपेक्षा जास्त घाम गाळणार असाल तर नुसतं पाणी पुरत नाही. घामातून मीठ जातं. काही जण सावधपणाच्या भरात तासाला दीड-दोन लिटर साधं पाणी पितात. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, पोट फुगतं, उलटी होते, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, लघवी मात्र पाण्यासारखी पांढरी. अशा माणसाला आणखी पाणी पाजणं धोक्याचं आहे. त्याला पाणी थांबवून खारट काहीतरी द्या आणि बोलण्यात गोंधळ दिसला तर ताबडतोब दवाखाना.

सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे ओआरएस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मीठ-साखरेचं पाणी मोठ्या प्रमाणावर वापरून हजारो जीव वाचवले. साधी पुडी आहे, पण तीत तीन चुका होतात:

- प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटरसाठी असते, लहान पुड्या २०० मिलीलिटरसाठी. मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामी करू नका.
- नाव. गोड फळांच्या पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ हा शब्द मिरवला जात होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. पुडी औषधाच्या दुकानातून घ्या, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघा.
- मधुमेह. ओआरएसमध्ये ग्लुकोज आहे. मधुमेहींनी किती घ्यावं, ते डॉक्टरांना विचारून निघा.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झालं. कोकम सरबत, मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, पन्हं हे सगळं चालतं. ताक मात्र उन्हात बाटलीत चार तास ठेवू नका. खायला शेंगदाणे, चिक्की, खारे दाणे, केळी. एनर्जी ड्रिंक आणि बियर दोन्ही बाद.

ऐकीव गोष्टी

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागणं थांबत नाही. तो भाकरीबरोबर खा. उन्हातून आल्यावर गार पाणी प्यायल्याने उष्माघात होत नाही. उलट गार पाणी मदतच करतं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत सर्वांत घातक आहे. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असूनही आतून भाजत असतो.

कपड्यांबद्दल दोनच ओळी. सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी आणि मानेभोवती ओला पंचा. सपाटीवर छत्री उघडायला लाजू नका. शिडीच्या टप्प्यावर आणि कातळात मात्र ती सॅकमध्ये गेली पाहिजे.

ओळखायचं कसं?

सुरुवात पायात-पोटात पेटके, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, खूप घाम आणि गार-चिकट त्वचा यांनी होते. ही पायरी परतवता येते. सावली, आडवं झोपवून पाय थोडे उंच, कपडे सैल, ओला पंचा, घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी वर जायचं नाही, खालीच उतरायचं, आणि एकट्याला पाठवायचं नाही.

दुसरी पायरी मेंदूची आहे. गडी उगाच चिडतो, ‘मी ठीक आहे’ म्हणत हेलपाटतो, अंगावरची सॅक भलत्याच ठिकाणी टाकतो, प्रश्नाला असंबद्ध उत्तर देतो. त्याला विचारा: आज वार कोणता? गाडी कुठे लावली? पायथ्याचं गाव कोणतं? उत्तर चुकलं, अडखळलं किंवा झटका आला, शुद्ध हरपली, की तो उष्माघात समजा. थर्मामीटरची वाट बघू नका. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं, पण काखेतला थर्मामीटर ते कमी दाखवतो.

उष्माघात झाला तर पहिली वीस मिनिटं

नियम एकच: आधी गार करा, मग हलवा. तापलेल्या माणसाला उचलून दोन तास उतरवत नेलं तर तेवढा वेळ मेंदू, यकृत, मूत्रपिंडं शिजत राहतात.

1. जवळात जवळ जी सावली असेल तिथे न्या. नसेल तर चादर, छत्री, माणसं उभी करून सावली करा.
2. बूट, मोजे, सॅक, घट्ट कपडे काढा. इथे लाजेला जागा नाही.
3. बाजूला ठेवलेलं ‘न पिण्याचं’ पाणी आता काढा. डोकं, मान, छाती, मांड्यांवर ओता आणि मॅट, टोपी, पुठ्ठा मिळेल त्याने जोरात वारा घाला. पाणी आणि वारा दोन्ही हवं. नुसता ओला कपडा पांघरून ठेवला तर तोच गरम होतो. पाणी संपलं तर इतरांच्या बाटल्या याच कामाला लावा.
4. वाहतं पाणी, हौद किंवा टाकं जवळ असेल तर डोकं बाहेर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवा, दोघांनी धरून. गावात बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काख, जांघेत.
5. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावावा. रेंज नसेल तर दोघांना एकत्र खाली पाठवा, एकट्याला नाही. त्यांच्याकडे चिठ्ठी द्या: जागा, वेळ, रुग्णाची अवस्था, गटाचा संपर्क क्रमांक.
6. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. कुशीवर वळवा. झटका आला तर कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत काही घालू नका.
7. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन देऊ नका. हा ताप जंतूंचा नाही; गोळी त्यावर चालत नाही आणि यकृत-मूत्रपिंडावर भार टाकते.

माणूस नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला की थंड करणं थांबवा आणि उतरवायला लागा. तो ‘आता मी बरा आहे’ म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच. पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली तर मूत्रपिंडावर आघात झालेला असू शकतो.

दवाखाना आणि तुमचे हक्क

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. मुरबाड, टोकावडे आणि खर्डी इथे ग्रामीण रुग्णालयं. नाणेघाट-भैरवगडाकडून टोकावडे जवळ पडतं, आजोबाकडून रस्त्याने शहापूर गाठावं लागतं. निघण्यापूर्वी आपल्या वाटेला कोणतं जवळचं, ते कागदावर लिहून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण ती पायथ्याच्या गाडीरस्त्यापर्यंतच येणार. डोंगरावरून तिथवर आणण्याची जबाबदारी तुमची आणि गावकऱ्यांची. मदतीला आलेल्या गावकऱ्यांचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो, तो न मागता द्या.

- १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत.
- खासगी रुग्णालय अनामत रक्कम भरली नाही म्हणून जीव वाचवण्याचे तातडीचे उपचार नाकारू शकत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य ठरवलं आहे.
- डॉक्टरांना सांगा: चढाई कधी सुरू झाली, शुद्ध कधी बिघडली, गार करायला कधी सुरुवात केली, किती आणि काय प्यायला, शेवटची लघवी कधी, कोणती औषधं चालू आहेत.

पैसे भरून ट्रेकला जाताना

आता बहुतेक जण समाजमाध्यमांवरची जाहिरात बघून अनोळखी गटाबरोबर जातात. पैसे घेऊन ट्रेक नेणारा तुम्हाला सेवा विकत असतो आणि तुम्ही ग्राहक असता. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला हवी. पैसे पाठवण्यापूर्वी लेखी विचारा, व्हॉट्सअॅपवर चालेल:

- नोंदणी क्रमांक काय? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेले किती जण सोबत आहेत, आणि किती सभासदांमागे?
- मागे फिरण्याची वेळ किती? उष्णतेचा इशारा आला तर ट्रेक रद्द होतो का, पैसे परत मिळतात का?
- विमा आहे का, आणि त्यात उष्माघात धरला आहे का? अपघात विमा म्हटलं की उष्माघात आलाच, असं गृहीत धरू नका. पॉलिसीतला शब्द बघा.
- पायथ्याच्या गावातला वाटाड्या सोबत आहे का?

‘सर्व जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही घेतली जाते. त्या सहीने आयोजकाचा निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. इशारा असताना दुपारी गट वर नेला, त्रास होतोय असं सांगूनही थांबवला नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी संदेश, पावती, फोटोंवरची वेळ आणि दवाखान्याची कागदपत्रं जपून ठेवा.

वाटेतही तुमचा एक अधिकार आहे: ‘मी इथून परत जातोय’ म्हणण्याचा. तेव्हा सोबत एक माणूस देणं आयोजकाचं काम आहे. एकट्याला झाडाखाली बसवून ‘येताना घेऊ’ असं कोणी म्हणालं, तर दुसऱ्या कुणाला तरी थांबवून ठेवा. पुढच्या पायरीची लक्षणं स्वतःला कळत नाहीत. आणि वरच्या चार प्रश्नांची लेखी उत्तरं जो आयोजक देत नाही, त्याला पैसे पाठवू नका.